'कुपारी' आणि 'व्याही' : बोलीतील नात्यांचे शब्द कसे अभ्यासावेत?

मराठीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात बोलींचा अभ्यास आता बराच स्थिरावला आहे. त्याची एक ठरावीक रीतही पडून गेली आहे. विद्यार्थी आपल्या परिसरातील बोलीचे शे-दोनशे शब्द गोळा करतो, डाव्या रकान्यात बोलीतील शब्द आणि उजव्या रकान्यात प्रमाण मराठीतील प्रतिशब्द लिहितो, शेवटच्या पानावर ही बोली लोप पावत असल्याबद्दल हळहळ व्यक्त करतो आणि प्रकल्प पूर्ण होतो. भांडी, अवजारे, मासे, झाडे यांच्या बाबतीत ही रीत काही अंशी चालून जाते. कारण दोन्ही रकान्यांतील शब्दांमागे बोट दाखवता येईल अशी एकच वस्तू असते. नात्यांच्या शब्दांच्या बाबतीत मात्र ती अपुरी पडते. एवढेच नव्हे, तर ती दिशाभूल करते, असे माझे मत आहे. नाते ही वस्तू नाही. कोणी कोणाशी कसे वागावे, कोणाचे कोणावर काय देणे लागते, कोणाशी लग्न होऊ शकते आणि कोणाशी नाही, यासंबंधीच्या नियमांचा तो एक जुडगा असतो. नियम बदलले की शब्द तोच राहूनही नाते वेगळे होते. प्रतिशब्दांच्या यादीत नेमके हेच दिसत नाही.

हे मत मांडण्यासाठी वसईतील पापडीचा परिसर मला विशेष सोयीचा वाटतो. पापडी, सांडोर, रमेदी, भुईगाव, गास, निर्मळ, नंदाखाल या पट्ट्यात मराठीची अनेक रूपे शेजारी शेजारी नांदत आली आहेत. सामवेदी अथवा कादोडी बोली आहे, वाडवळी आहे, किनाऱ्यावर कोळ्यांची बोली आहे. यातील सामवेदी बोलीचे एक वैशिष्ट्य अभ्यासकांनी नेहमी ध्यानात ठेवावे असे आहे. ती सामवेदी ब्राह्मण आणि सामवेदी ख्रिस्ती अशा दोन धर्मांच्या समाजांची घरची भाषा आहे. म्हणजे बोली एक, परंतु लग्न, बारसे, मरण यांचे विधी वेगळे. नात्यांचे शब्द या विधींशी घट्ट बांधलेले असतात. त्यामुळे भाषा आणि नाते यांचा संबंध तपासून पाहण्यासाठी यापेक्षा चांगली जागा शोधूनही सापडणार नाही.

प्रथम 'कुपारी' हाच शब्द घेऊ. आज तो सामवेदी ख्रिस्ती समाजाचे नाव म्हणून वापरला जातो. त्याची व्युत्पत्ती पोर्तुगीज 'कोंपाद्रे' या शब्दापर्यंत नेली जाते. वसई १५३४ च्या तहाने पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ साली चिमाजी आप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी ती जिंकून घेतली. मधल्या दोन शतकांत येथील समाजाचा एक भाग ख्रिस्ती झाला आणि त्याच्या बोलीत काही पोर्तुगीज शब्द रुजले. त्यांपैकीच हा एक. 'कोंपाद्रे'चा अर्थ अनेकदा 'धर्मपिता' असा दिला जातो. तो अर्धवट आहे. बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाची जबाबदारी घेणारा जो पुरुष, तो मुलाच्या दृष्टीने 'पाद्रिन्यू', म्हणजे धर्मपिता. 'कोंपाद्रे' हे नाते मूल आणि धर्मपिता यांच्यातील नव्हे. ते मुलाचा जन्मदाता बाप आणि धर्मपिता या दोन प्रौढांमधील नाते आहे. एका मुलाचे आपण दोघे बाप, म्हणून आपण एकमेकांचे 'सहपिता', असा त्याचा भाव. स्त्रीसाठी याच रीतीचा 'कोमाद्रे' हा शब्द आहे.

आता उजव्या रकान्यात प्रमाण मराठीतील कोणता प्रतिशब्द लिहावा? धर्मपिता लिहिले तर पिढी चुकते. मित्र लिहिले तर नाते निसटते. मराठीत या शब्दाला प्रतिशब्द नाही, कारण हे नाते जोडणारा विधीच अन्य मराठी समाजांत नाही. परंतु त्याच्यासारखी दुसरी जागा मात्र मराठीत आहे, आणि ती फार जुनी आहे. ती म्हणजे 'व्याही'. वराचा बाप आणि वधूचा बाप यांच्यात रक्ताचे काही नसते. मुलांच्या लग्नामुळे दोन प्रौढ एकमेकांचे नातलग होतात, आणि त्या नात्याला मराठी भाषा स्वतंत्र नाव देते. इंग्रजीत या नात्यासाठी रोजच्या वापरातला शब्द नाही. 'व्याही' हे लग्नातून जुळलेले नाते, तर 'कोंपाद्रे' हे बाप्तिस्म्यातून जुळलेले. दोन्हींची घडण मात्र एकच आहे. लेकरांच्या निमित्ताने मोठी माणसे बांधली जातात. मला वाटते, पोर्तुगीज अमलाबरोबर आलेला हा शब्द येथे इतका खोल रुजला की पुढे एका समाजाचे नाव झाला, याचे एक कारण येथे शोधता येईल. ज्या भाषेत 'व्याही' आणि 'विहीण' आहेत, त्या भाषेला 'कोंपाद्रे' समजावून सांगावा लागत नाही.

कोणी म्हणेल, हे नाते औपचारिक, मानलेले. त्याला खऱ्या नात्याच्या पंक्तीत कशाला बसवायचे? याचे उत्तर धर्मकायद्याच्या इतिहासात आहे. १५४५ ते १५६३ या काळात भरलेल्या ट्रेंटच्या धर्मपरिषदेने या 'आध्यात्मिक नात्या'ची व्याप्ती पूर्वीपेक्षा कमी केली. तरीही धर्ममातापिता आणि मुलाचे जन्मदाते यांच्यातील विवाहाची मनाई तिने कायम ठेवली. म्हणजे ज्या काळात हा शब्द वसईत आला, त्या काळात हे नाते लग्नाला आड येत होते. १९१७ च्या धर्मसंहितेत जन्मदात्यांपुरती ही आडकाठी संपली आणि १९८३ च्या संहितेत आध्यात्मिक नात्याचा उरलासुरला अडथळाही राहिला नाही. जे नाते साडेतीन शतके विवाह रोखू शकत होते, त्याला केवळ मानलेले म्हणता येणार नाही. मानववंशशास्त्रात सिडनी मिन्ट्झ आणि एरिक वुल्फ यांनी १९५० साली या 'सहपितृत्वा'चे विश्लेषण केले. त्यानंतर लॅटिन अमेरिकेतील समाजांच्या अभ्यासात तो एक मोठा विषय होऊन बसला. आमच्या वसईत हा शब्द एका संपूर्ण समाजाच्या नावात उभा आहे आणि मराठी विभागांच्या शब्दसूचीत त्याची बोळवण 'एक ख्रिस्ती जमात' एवढ्या अर्थावर होते.

शब्द उरतो आणि नाते सरकते, याचे एक उदाहरण इंग्रजीतही आहे. 'गॉसिप' या शब्दाचा जुना अर्थ कुचाळकी असा नव्हता. देवाच्या साक्षीने झालेला आप्त, म्हणजे बाप्तिस्म्याच्या नात्यातला माणूस, हा त्याचा मूळ अर्थ. पुढे तो जवळच्या मैत्रिणींना आणि अखेर त्यांच्या गप्पांना लावला गेला. एकाच प्रकारच्या नात्याचे शब्द एका ठिकाणी समाजाचे नाव होतात आणि दुसऱ्या ठिकाणी कुचाळकीचे. शब्दाचा इतिहास हा नात्याच्या सामाजिक प्रतिष्ठेचा इतिहास असतो, हे विद्यार्थ्यांना सांगण्यासाठी ही जोडी पुरेशी आहे.

'कुपारी' हा परका शब्द, म्हणून अपवादात्मक, असे वाटण्याचा संभव आहे. म्हणून आता अगदी घरचा, सर्वांना सारखाच वाटणारा शब्द घेऊ : 'मामेबहीण'. सातारा-कोल्हापूरकडच्या अनेक समाजांत मामाची मुलगी ही परंपरेने लग्नास चालणारी, किंबहुना पसंतीची मुलगी. इरावती कर्वे यांनी १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतातील आप्तसंबंधांवरील आपल्या इंग्रजी ग्रंथात महाराष्ट्राला उत्तर आणि दक्षिण यांच्या मधल्या पट्ट्यात ठेवले, त्यामागे हे एक कारण होते. भाषेत तिची भाषिक, तर नात्यांत दक्षिणेची, अशी या प्रदेशाची ठेवण आहे. सून सासऱ्याला 'मामंजी' म्हणते आणि सासूला 'आत्याबाई' म्हणते, ग्रामीण भागात आत्याच्या नवऱ्याला 'मामा' म्हणतात, ही सारी त्या विवाहरीतीची भाषेत उरलेली खूण आहे. शेजारच्या कन्नडमध्ये 'माव' हा शब्द मामा आणि सासरा या दोघांना, तर 'अत्ते' हा शब्द आत्या आणि सासू या दोघींना लागतो. त्यामुळे 'मामंजी' शब्दाचे नातेसंबंध उत्तरेपेक्षा कर्नाटकाशी जुळतात.

हाच 'मामेबहीण' शब्द वसईतील कॅथलिक घरात आणा. चर्चच्या कायद्यानुसार चुलत, मामे, आते, मावस अशा पहिल्या पिढीच्या कोणत्याही भावंडांमध्ये, खास परवानगीवाचून, विवाह होऊ शकत नाही. म्हणजे तेथे मामेबहीण ही चुलत बहिणीइतकीच बहीण. सातारकडच्या घरात मात्र चुलत बहीण ती खरी बहीण आणि मामेबहीण ती संभाव्य वधू, असा भेद परंपरेने केला. शब्द अक्षरशः तोच, उच्चारातही फारसा फरक नाही, आणि तरी दोन्ही ठिकाणी त्याचा अर्थ एक नाही. दोन रकान्यांच्या यादीत या शब्दासमोर 'फरक नाही' असा शेरा पडेल. सर्वांत मोठा फरक नेमका तेथेच असेल.

उलटही घडते. उच्चार सारखा, पण नाते भलतेच, असे भाषाभाषांमध्ये सर्रास आढळते. कुर्दी भाषेत 'माम' म्हणजे वडिलांचा भाऊ. आईच्या भावाला तेथे 'खाल' म्हणतात. आपला मामा आणि त्यांचा माम ही घराच्या दोन विरुद्ध बाजूंची माणसे. कुर्दीच्या दोन रूपांतही फरक आहे. उत्तरेकडील कुर्मांजीत आत्याला 'मेत' आणि मावशीला 'खालती' अशी वेगळी नावे आहेत, तर सोरानीत 'पूर' हा एकच शब्द दोघींना चालतो. कुर्मांजी-सोरानी अशी दोन रकान्यांची यादी केली तर 'पूर' दोनदा लिहिला जाईल आणि यादी बिनचूकच ठरेल. परंतु दोन नाती एका नावाखाली आल्याने आत्या आणि मावशी यांच्याशी वागण्यात काही फरक उरला आहे का, हा महत्त्वाचा प्रश्न त्या यादीला पडणारच नाही.

आपल्याकडील सर्वेक्षणांकडेही या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा मराठीवरील सातवा खंड १९०५ साली निघाला. त्यात कोकणातील बोलींमध्ये सामवेदी, वाडवळ, कोळी, किरिस्ताव अशा अनेक बोलींची नोंद आहे. या कामाचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. पण नमुना म्हणून प्रत्येक बोलीत उतरवून घेतलेली कथा कोणती, तर बायबलातील उधळ्या पुत्राची. ही कथा कुटुंबाचीच आहे. पण कोणत्या कुटुंबाची? बाप, दोन मुलगे, भावाभावांतील असूया आणि चाकरमाणसे. आई तिच्यात नाही, बहीण नाही, सून तर नाहीच. सोबतच्या शब्दयादीत आई, बहीण, बायको, मुलगी यांना जागा मिळाली. नणंद, जाऊ, आत्या, मावशी, विहीण यांना मिळाली नाही. याच यादीतील एका वाक्यात 'अंकल'च्या मुलाच्या लग्नाचा उल्लेख आहे. इंग्रजीत प्रश्न सरळ होता. बोली सांगणाऱ्याला मात्र आधी ठरवावे लागले असणार, की हा 'अंकल' चुलता की मामा. भाषांतराच्या त्या क्षणी प्रश्न विचारणाऱ्याची भाषा तोकडी पडली होती, बोली नव्हे.

त्यानंतरच्या शतकात पुष्कळ पाऊल पुढे पडले. गणेश देवी यांच्या पुढाकाराने झालेल्या भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाचा महाराष्ट्राचा खंड अरुण जाखडे यांच्या संपादनाखाली २०१३ साली प्रसिद्ध झाला. या सर्वेक्षणाच्या आराखड्यात गाणी, कथा, रंगांची नावे यांच्या जोडीने नात्यांच्या शब्दांना स्वतंत्र स्थान दिले गेले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या सहकार्याने केलेल्या मराठी बोलींच्या सर्वेक्षणानेही गावोगावच्या बोलणाऱ्यांचा आवाज नोंदवून घेतला. या कामांनी पाया घातला आहे. इमारतीचे काम स्थानिक महाविद्यालयांच्या मराठी विभागांनीच करायचे आहे. कारण एका गावात, एका घरात, एका शब्दाचे दहा वापर टिपण्यासाठी लागणारा वेळ आणि ओळख तेथील विद्यार्थ्यापाशीच असते.

हे दहा वापर का महत्त्वाचे? कारण नात्याच्या शब्दाचे किमान दोन वेगळे उपयोग असतात. एक उल्लेखाचा, दुसरा हाक मारण्याचा. 'सासरा' हा उल्लेख, 'मामंजी' ही हाक. 'दीर' हा उल्लेख, 'भावोजी' ही हाक. 'नणंद' हा उल्लेख, 'वन्सं' ही हाक. आगरी-कोळी बोलींपासून मालवणीपर्यंत किनाऱ्यावर 'बापूस' आढळतो आणि मालवणीत त्याच्या जोडीला 'आवस' असते. हे उल्लेखाचे शब्द आहेत. 'तुझो बापूस खंय गेलो?' असे विचारता येते, पण मूल बापाला 'बापूस' अशी हाक मारत नाही. यादीत मात्र 'बापूस = बाबा' असे लिहिले जाते आणि भेद पुसला जातो.

याच शब्दाच्या निमित्ताने एक अधिक गंभीर गोष्ट सांगितली पाहिजे. प्रमाण मराठीत 'बाप' हा शब्द हळूहळू उद्धट ठरला आणि त्याची जागा आदरार्थी बहुवचनी 'वडील' या शब्दाने घेतली. वर्गात 'माझा बापूस' असे म्हणणाऱ्या मुलाची भाषा आपण सुधारतो, तेव्हा आपल्या मते आपण फक्त शब्द बदलत असतो. मुलाला मात्र असे कळते, की आमच्या घरात बापाला मान देण्याची रीत नाही. हे खरे नसते. आदर व्यक्त करण्याची प्रत्येक बोलीची आपापली साधने असतात. ती नेहमी बहुवचनातच असतात असे नाही. प्रमाण मराठी बोलणारी मंडळीही आईला 'तू' म्हणतात आणि त्यात अनादर मानत नाहीत. जो न्याय आपण आपल्या आईच्या 'तू'ला देतो, तो बोलीतील बापाच्या एकेरी उल्लेखाला नाकारण्याचा आपल्याला अधिकार नाही. या नकाराचा परिणाम असा होतो, की नात्यांचे शब्द बोलीतून सर्वांत आधी लपवले जातात. मासळीचे नाव परक्यासमोर घ्यायला कोणी लाजत नाही. बापाचा उल्लेख करताना माणूस भाषा बदलतो.

येथे 'अंकल-आंटी'च्या आक्रमणाविरुद्ध एक परिच्छेद लिहिण्याचा प्रघात आहे. मला तो मोह होत नाही. वसई-विरारची महानगरपालिका २००९ साली झाली, पालघर जिल्हा २०१४ साली झाला, आणि त्याच्या आधीपासून हा परिसर मुंबईचे उपनगर होत चालला होता. गृहसंकुलात गुजराती, हिंदी, मराठी, कोकणी बोलणारी कुटुंबे एका जिन्यावर राहतात. तेथे शेजाऱ्याला 'काका' म्हणावे की 'मामा', याचा निर्णय करताना मूल नकळत त्याला बापाच्या वा आईच्या बाजूला ठेवत असते. 'अंकल' ही बाजू न घेणारी हाक आहे. तिचा उपयोग आहे म्हणून ती आली. शिवाय जुन्या शब्दांच्या जगात सारे काही हवेहवेसे होते असेही नाही. 'सवत' हा शब्द भाषेतून विरळ झाला, त्याचे दुःख कोणी करू नये. 'वन्सं' या हाकेत लडिवाळपणा आहे, तसा वयाने लहान नणंदेलाही अहोजाहो करायला लावणारा सुनेचा दर्जाही आहे. जे गेले ते सारे परत यावे, असे माझे म्हणणे नाही. काय गेले आणि त्याबरोबर कोणते हक्क, कोणती कर्तव्ये, कोणता जाच गेला, याची नोंद मात्र असली पाहिजे.

ही नोंद करण्यासाठी नवे उपकरण लागत नाही. प्रकल्प देताना आपण प्रत्येक शब्दामागे पाच प्रश्न जोडावेत. हा शब्द कोण, कोणासाठी वापरतो? तो उल्लेखात येतो की हाक मारताना, की दोन्हीकडे? या नात्यातील माणसाशी वा त्याच्या मुलांशी लग्न चालते का? बारसे, बाप्तिस्मा, लग्न, मृत्यू या प्रसंगी या माणसाचे काम काय आणि मान कोणता? आणि आजची पिढी त्या जागी कोणता शब्द वापरते, की जागाच उरलेली नाही? शे-दोनशे शब्दांऐवजी वीस शब्द घेतले तरी चालतील. उजव्या रकान्यात प्रतिशब्दाऐवजी बोलणाऱ्याचे एक पूर्ण वाक्य लिहावे. सामवेदीसारख्या दोन धर्मांत वाटलेल्या बोलीत हे प्रश्न दोन्ही समाजांतील घरांत विचारावेत, म्हणजे भाषेमुळे काय सारखे राहिले आणि विधीमुळे काय वेगळे झाले, ते आपोआप समोर येईल. एका घरात 'कुपारी' हे आपल्या माणसाचे नाव आहे, तर शेजारच्या घरात त्याच बोलीत ते शेजाऱ्याच्या समाजाचे नाव आहे. हा एवढा फरक टिपला गेला तरी त्या विद्यार्थ्याने भाषाविज्ञानाचे आणि समाजशास्त्राचेही काम केले असे होईल.

साहित्याच्या अध्यापकांना हे काम आपले नव्हे असे वाटू नये. कादंबरीत सून सासूला कोणत्या शब्दाने हाक मारते, नाटकात दोन व्याही एकमेकांशी कोणत्या सुरात बोलतात, यावरून त्या घराचा सगळा व्यवहार कळतो. आणि तो कळण्यासाठी लागणारा कान प्रतिशब्दांच्या यादीने तयार होत नाही. पापडीच्या परिसरात आज सत्तरी ओलांडलेल्या स्त्रिया या सर्व हाका, त्यांचे नियम आणि त्या नियमांचे अपवाद जाणतात. त्यांना 'या शब्दाचा अर्थ काय' असे विचारले, तर त्या एक शब्द सांगून थांबतील. 'तुम्ही त्यांना काय म्हणत होता, आणि का' असे विचारले, तर मग आपल्यालाच वही पुरणार नाही. पुढच्या वर्षीच्या प्रकल्पांचे विषय ठरवताना मराठी विभागांनी हा दुसरा प्रश्न निवडावा.